एक हजार सहाशे ऐंशी लाळेरी

माझी धाकटी बहीण लहान मुलांच्या पोटाची डॉक्टर आहे. एखाद्या समारंभात कुणी तिला विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?" तर ती अगदी गंभीरपणे सांगते, "बाळं दूध का ओकतात ते बघते." विचारणाऱ्याच्या हातात तेव्हा बहुधा ताट असतं. तो हळूच दुसऱ्या कोपऱ्यात सरकतो आणि धाकटीला ऐसपैस जेवायला जागा मिळते.

आमच्या दोघींत अकरा वर्षांचं अंतर. ती जन्मली तेव्हा आईची तब्येत अगदीच तोळामासा होती, त्यामुळे मी शाळेतून आले रे आले की बाळ माझ्या खांद्यावर. आणि बाळ असं की पाजून पाच मिनिटं होत नाहीत तोच अर्धं दूध परत. माझ्या एकाही गणवेशाचा डावा खांदा निळा राहिला नाही. शेजारच्या काकू मान हलवून म्हणायच्या, "हिच्या अंगाला काही लागायचं नाही." हिच्या अंगाला एवढं लागलं की वर्षाची होईपर्यंत गालांमधून डोळे शोधावे लागायचे.

पुढे ती डॉक्टर झाली आणि मी शिवणाचं दुकान टाकलं. आम्ही समोरासमोर राहतो. तिला काही सुचलं की ती घरी न जाता थेट दुकानात येते आणि माझ्या कापड बेतायच्या टेबलावर चढून बसते. गिऱ्हाइकांना आता सवय झालीय.

एका दुपारी ती अशीच आली. एप्रनसुद्धा काढला नव्हता. त्या दिवशी ओपीडीत चार महिन्यांच्या मुलीला घेऊन एक आई आली होती आणि खुर्चीत बसल्या बसल्याच रडायला लागली. मुलगी दूध फार टाकते म्हणून तिला पोटातलं ॲसिड कमी करायचं औषध दिलेलं होतं. मध्येच त्यांनी घर बदललं. औषधाची बाटली कुठल्याशा खोक्यात गेली, ती गेलीच. तीन आठवडे एक थेंब दिला नव्हता.

"मॅडम, मी वाईट आई आहे का?" तिने विचारलं.

धाकटीने मुलीला काट्यावर ठेवलं. तीन आठवड्यांत वजन सहाशे ग्रॅमने वाढलेलं. मुलगी काट्यावर पडल्या पडल्या बोळकं पसरून हसत होती, आणि हसता हसता तिने थोडं दूध काट्यावरच टाकलं.

"तो खोका अजून बंदच आहे?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग राहू द्या बंद."

हे सगळं सांगून ती टेबलावर पाय हलवत बसली. "ताई, समज, या औषधाने काही होतच नसेल तर?"

मला यातलं काय कळतंय. पण तिने समजावून सांगितलं. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक झडप असते. बाळाची झडप सैल असते, म्हणून दूध वर येतं. बाळ मोठं होतं तशी झडप घट्ट होते आणि ओकणं आपोआप थांबतं. काही मुलांना मात्र याचाच खरा आजार होतो. त्यांचं वजन वाढत नाही, उलटीत रक्त येतं, श्वासाला त्रास होतो. त्यांना औषध हवंच, आणि ती देतेच. प्रश्न बाकीच्यांचा होता. चांगली गुटगुटीत, हसरी, घरभर ओकत फिरणारी बाळं. त्यांनाही सगळीकडे बाटल्याच्या बाटल्या दिल्या जात होत्या, आणि त्यांचं ओकणं-रडणं थांबलं की लोक म्हणायचे, औषधाचा गुण.

"अर्ध्या बाळांना औषध द्यायचं, अर्ध्यांना तसंच दिसणारं गोड पाणी," ती म्हणाली. "कुणाला काय दिलं ते मलाही कळता कामा नये. रडणं आईबापांनी वहीत लिहायचं. पण ओकणं कसं मोजू? विचारलं की म्हणतात, खूप. बादलीभर. काल तर पडद्यावर. आता पडद्यावर हे मी तक्त्यात कुठे लिहू?"

मी एका कोटाच्या बाहीला टीप मारत होते. मान वर न करता म्हटलं, "लाळेरं कोरडं असताना तोल, ओलं झाल्यावर तोल."

ती टेबलावरून उडी मारून उतरली ती माझी टेप आणि त्या कोटाची दुसरी बाही बरोबर घेऊनच. बाही संध्याकाळी परत आली. टेप आजपर्यंत आलेली नाही.

अशी मी या संशोधनात ओढली गेले. एकशेवीस बाळं, प्रत्येकी चौदा लाळेरी, म्हणजे एक हजार सहाशे ऐंशी. प्रत्येक लाळेऱ्याचं वजन बावीस ग्रॅम, त्यात एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मी नवऱ्यामुलींचे पोशाख शिवलेत, बँडवाल्यांचे गणवेश शिवलेत, पण एवढी चिकित्सा कुणी केली नव्हती. पहिल्या चाळीसांतली एकतीस तिने परत पाठवली. नाड्या कमीजास्त लांबीच्या म्हणून. मी नाड्या काढून चिकटपट्टी लावली. मग टॉवेलच्या कापडाचा एक तागा दुसऱ्यापेक्षा जाड निघाला. शेवटी मी दुकानात एक नाजूक काटा आणून ठेवला आणि शिवलं की तोल, शिवलं की तोल असं सुरू केलं. मला अजूनही कुणाचा सदरा हातात घेतला की त्याचं वजन सांगता येतं. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

संशोधनाला आधी दवाखान्याच्या समितीची परवानगी लागते. लाळेरी दाखवायला धाकटी मलाही घेऊन गेली. लांबलचक टेबलाशी पाच जण बसले होते. मधोमध तिच्या विभागाचे मोठे सर. तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने हे औषध लिहून दिलेलं. त्यांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "उलटी तोलणार? भाजीसारखी?"

"हो सर," धाकटी म्हणाली. "भाजीपेक्षा अचूक."

कुणीतरी खाकरलं. धाकटीने टेबलावर एक लाळेरं पसरलं, सगळ्यांकडे पाठ केली आणि एका भांड्यातून त्यावर दूध ओतलं. डाग पसरत पसरत तळहाताएवढा झाला. "हे किती असेल?"

"अर्धा कप तरी," मोठे सर म्हणाले.

"पाऊण," समितीतल्या वकीलबाई म्हणाल्या. त्यांना नुकताच नातू झाला होता.

धाकटीने लाळेरं काट्यावर ठेवलं. सत्तावीस ग्रॅम. बावीस वजा करा, राहिले पाच. एक चहाचा चमचा. मोठ्या सरांचा विश्वास बसेना. त्यांनी चमचा मागून घेतला आणि स्वतः करून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी त्यांचा टायसुद्धा भिजला, आणि परवानगी मिळाली.

काम सुरू झालं. दोन महिने औषध किंवा गोड पाणी, आणि दर तपासणीला यायच्या आधीच्या दोन दिवसांची लाळेरी हवाबंद पिशवीत घालून आणायची. त्या पिशव्या उघडायच्या कुणी, हा मोठाच पेच होता. पहिल्या आठवड्यात दोन शिकाऊ डॉक्टर रजेवर गेले. मग वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर पुढे आल्या. नाकाच्या जुन्या दुखण्यात त्यांचं वास घेणं पार गेलं होतं. इतकी वर्षं त्यांना याचं वाईट वाटायचं. आता त्या पिशवी उघडून शांतपणे तोलायच्या, आकडा लिहायच्या आणि दारातून डोकावणाऱ्यांना म्हणायच्या, "या ना आत, लांब का उभे?" तोललेली लाळेरी धाकटी गाडीतून धुवायला न्यायची, त्यामुळे तिच्या गाडीत कुणी बसेनासं झालं. मीही चालतच जायचे.

सगळं नीट चाललं होतं, आणि एक दिवस या संशोधनाचा हिशेब लावणारे संख्याशास्त्रज्ञ, आमचे आकडेवाले, दुकानात येऊन उभे राहिले. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. धाकटी तिथेच होती. ते म्हणाले, "मॅडम, हे एक बाळ शास्त्राच्या पलीकडचं आहे."

त्या बाळाची चौदाच्या चौदा लाळेरी कोरडी आली होती. नुसती कोरडी नाहीत, इस्त्री केलेली. म्हणजे दोन दिवसांत ओकणं शून्य. आणि याच बाळाच्या नाकातून एक बारीक नळी घालून, पोटातलं किती वर येतं ते एका छोट्या यंत्रावर चोवीस तास नोंदलेलं होतं. काही बाळांची तशी तपासणी करायची ठरली होती. त्या यंत्राला एक बटण असतं, बाळाने ढेकर दिला किंवा दूध टाकलं की घरच्यांनी ते दाबायचं. ते बटण चोवीस तासांत दोनशे बारा वेळा दाबलेलं. म्हणजे एकीकडे बाळ कधी ओकतच नाही, आणि दुसरीकडे दर सात मिनिटांनी ओकतं.

धाकटीने छोटा काटा पर्समध्ये टाकला, चार लाळेरी माझ्या हातात कोंबली आणि आम्ही त्या घरी गेलो. दार बाळाच्या आजीने उघडलं. घर असं लख्ख की चपला कुठे काढाव्यात कळेना.

"लाळेरी तुम्ही धुतलीत का हो?" धाकटीने विचारलं.

"मग?" आजी म्हणाल्या. "असली घाण कापडं दवाखान्यात पाठवू? आमच्या घराबद्दल लोक काय म्हणतील? थोडी नीळपण घातली मी."

धाकटीने एक मोठा श्वास घेतला. "बरं. आणि ते बटण?"

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आजोबा म्हणाले, "ते माझ्याकडे होतं. ढेकर आला की दाबा म्हणाले. एकही चुकवला नाही मी."

"बाळाला आला की दाबायचं होतं, आजोबा."

आजोबांनी विचार केला. "मग तसं स्पष्ट सांगायला हवं होतं." आणि जरा थांबून, "पण माझं काय निघालं?"

मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. पण धाकटी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि अगदी तपासणीच्या सुरात म्हणाली, "जेवण झालं की लगेच आडवे होता का?"

"होतो."

"होत जाऊ नका."

बाळाची आई इतका वेळ दारात ओठ दाबून उभी होती. तिला आता आवरेना. ती हसायला लागली ती भिंतीचा आधार घेऊन खाली बसली. दोन महिने झोप नाही, जिवाला घोर, आणि ते सगळं त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. आई हसते म्हणून बाळ हसलं. बाळ धाकटीच्या मांडीवर होतं. हसता हसता त्याने तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत दुधाची धार सोडली. धाकटी जागची हलली नाही. "ताई, लाळेरं दे, लवकर, सांडू देऊ नकोस." तिथेच जमिनीवर काटा मांडून आम्ही ते टिपून तोललं. सहा ग्रॅम. आजी आधी लाजल्या, मग त्याही वाकून आकडा बघायला लागल्या. "एवढंसंच? मला वाटलं पोटात काही उरतच नसेल."

इस्त्रीची पिशवी धाकटीने वहीत "बाद" म्हणून लिहिली. आणि मला काम लागलं. उरलेल्या प्रत्येक लाळेऱ्यावर मी लाल दोऱ्याने "धुऊ नका" असं भरलं. त्या दोन शब्दांनी वजन एक ग्रॅमने वाढलं, त्यामुळे आकडेवाल्यांना तक्त्यात एक रकाना वाढवावा लागला. एका आईने नंतर सांगितलं की तिच्या शेजारणीने ते लाळेरं पाहून हळूच विचारलं होतं, बाळाची आंघोळ कधीपासून बंद केलीय.

अशी दोन वर्षं गेली. शेवटी पाकीट उघडायचा दिवस आला. बाळांचे दोन गट होते, 'क' आणि 'ख'. औषध कोणत्या गटाला होतं हे फक्त औषधांच्या खोलीतल्या फार्मासिस्टला माहीत, आणि त्याने ते बंद पाकिटात ठेवलेलं. दवाखान्यात तट पडले होते. मोठ्या सिस्टर छातीवर हात ठेवून सांगायच्या, "क म्हणजेच औषध. ती बाळं चेहऱ्यावरूनच समाधानी दिसतात." निम्मं कँटीन त्यांच्या बाजूने होतं.

दुपारी बैठकीच्या छोट्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मोठे सरही आले आणि खिडकीशी बसले. आकडेवाल्यांनी आधी आकडे वाचले. दोन महिन्यांत 'क' गटातल्या बाळांचं रोजचं रडणं सरासरी एकसष्ट मिनिटांनी कमी झालं. 'ख' गटातलं अठ्ठावन्न मिनिटांनी. लाळेऱ्यांचं वजन दोन्हीकडे सारखंच घटलं. बाळांचं वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. मग त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि नेहमीपेक्षाही हळू आवाजात वाचलं, "क. गोड पाणी."

मोठ्या सिस्टर खाली बसल्या.

"म्हणजे पाणी जिंकलं?" मी विचारलं.

"तीन मिनिटांचा फरक योगायोगात जातो," आकडेवाले म्हणाले. "कुणी जिंकलं नाही. औषधाने काही फरक पडला नाही, इतकंच."

धाकटीला आधी उचकी लागल्यासारखं झालं. मला वाटलं ही रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. हसत हसत खुर्चीवरून घसरली आणि टेबलाचा पाय धरून बसली. "दोन वर्षं," तिला बोलता येईना, "दोन वर्षं खपून मी काय शोधलं, तर काही नाही. ताई, इतकं सुंदर काही नाही मी जन्मात पाहिलं नव्हतं." तिला पाहून सिस्टरना हसू फुटलं, मग मला. आकडेवाले हसताना आवाज करत नाहीत, नुसते लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की मोठे सर हसत नाहीयेत. सरांनी हात पुढे केला, कागद घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. परत पहिल्यापासून वाचले. चष्मा काढून पुसला. खिशातून फोन काढला आणि मुलीला लावला.

"बाळाचं ते औषध," ते म्हणाले. "हो, मीच दिलेलं. बंद कर. ... नाही, त्याच्या जागी दुसरं नाही. काहीच नाही द्यायचं. ... अगं, छान वाढतोय तो, मग काय हरकत आहे? ... डॉक्टर म्हणूनच सांगतोय." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. शेवटी फोनवर हात धरून आमच्याकडे वळले. "ती विचारतेय, काहीच द्यायचं नव्हतं तर मी एवढं शिकलो कशाला."

आता तेही हसत होते. त्या दुपारी त्यांनी दवाखान्यात आपल्या सहीने सूचना काढली, की गुटगुटीत बाळ नुसतं दूध टाकतं म्हणून यापुढे हे औषध लिहायचं नाही.

धाकटीने ठरवलं की निकाल आधी घरच्यांना सांगायचा. दवाखान्याच्या सभागृहात सगळ्या कुटुंबांना बोलावलं. नव्वदच्या वर आली. बरीचशी बाळं आता चालायला लागली होती, काही चांगली धावत होती. एकाने ध्वनिक्षेपकाची वायर ओढली, दोघी स्टेजच्या पडद्यामागे शिरल्या. धाकटीने तयार केलेले तक्ते कुणीच पाहिले नाहीत. ती हातातले कागद ठेवून स्टेजच्या पायरीवर बसली आणि नुसतं सांगत गेली. थोडं थोडं पाजा, पाजल्यावर उभं धरा, झोपवताना पाठीवरच झोपवा, आणि वजन वाढेनासं झालं, उलटी हिरवी आली किंवा तिच्यात रक्त दिसलं तर मात्र लगेच या. बाकी काळ आपलं काम करतो.

एक बाबा उभे राहिले. "म्हणजे आमच्या मुलाला औषध नव्हतंच?"

धाकटीने यादी पाहिली. "नव्हतं."

"मग मी दोन महिने रोज घड्याळ लावून, चमच्याने, न सांडता जे पाजलं ते?"

"ते पाणी. गोड."

त्यांनी जरा विचार केला आणि बायकोकडे वळले. "बघ. आणि तू म्हणत होतीस, माझ्या हाताला गुण आहे."

"आहेच की," बायको म्हणाली. "नुसत्या पाण्याने बरं केलंत." सगळं सभागृह हसलं आणि त्या बाबांनी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

त्यानंतर वर्षभरात त्या दवाखान्यात या औषधाच्या बाटल्या निम्म्याहून कमी लागायला लागल्या. धाकटीच्या ओपीडीला मात्र दुप्पट वेळ लागतो. बाटली लिहून द्यायला एक मिनिट पुरायचं, काही नाही हे समजावून सांगायला वीस लागतात.

सध्या तिने मोठ्या मुलांवर काम सुरू केलंय. आठ-दहा वर्षांची, ज्यांच्या छातीत खरोखर जळजळतं अशी. ते नोंदणीचं यंत्र मुलांना गळ्यात घालायला आवडेल अशी पिशवी शिवून दे म्हणाली, म्हणून मी मापं घ्यायला गेले होते. समोर नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, हाताची घडी घालून. डॉक्टर म्हटलं की तिला राग येतो, असं तिच्या आईने आधीच सांगून ठेवलं होतं.

"नेमकं काय होतं तुला?" धाकटीने विचारलं.

"सांगितलं तरी कुणाला कळत नाही."

"बघ तरी सांगून."

मुलीने छताकडे पाहिलं. "पोटातून लिफ्ट वर येते. पण दार उघडत नाही. मग तशीच खाली जाते. आणि आतली माणसं चिडलेली असतात."

इतक्या वर्षांत धाकटीला हे कुणी इतकं चोख सांगितलं नसावं. तिने पेन घेतलं आणि शब्दन् शब्द लिहून काढला. मग खुर्ची पुढे ओढली.

"कितव्या मजल्यापर्यंत येते?"

मुलीने हाताची घडी सोडली. पोटापासून एकेक बोट वर सरकवत ती मजले मोजायला लागली, आणि गळ्याशी थांबली.

"चौथ्या," ती म्हणाली. "पण जेवून उड्या मारल्या की गच्चीवर."